रशियन ‘मी’ : जोडणी, वापर आणि देखभाल

आमचा ‘मी’ निवडल्याबद्दल अभिनंदन. खोक्यात पुढील वस्तू आहेत याची खात्री करून घ्या : एक सर्वनाम, एक आरसा, हातमोज्यांचा एक जोड, एक काड्यापेटी आणि एक ॲशट्रे. काही कमी निघाल्यास दुकानदाराशी भांडू नका. रशियन कवितेत कमतरता हाच कच्चा माल धरतात.

पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. कवी मनातलं कागदावर काढून ठेवतो आणि त्यालाच भावकविता म्हणतात, असं ज्याला मनापासून वाटतं तो नवशिका. वाटण्यात काही चूक नाही. फक्त पुढचं वाचून झाल्यावर तसं वाटणार नाही. इथेही अधूनमधून एक ‘मी’ बोलेल. कॉलेजात असताना तो फुटपाथवरून सोव्हिएत छपाईची स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्यायचा, असं तो सांगेल. त्याच्यावर किती विश्वास टाकायचा, ते तुमचं तुम्ही बघा.

आधी सर्वनाम

रशियनमध्ये ‘मी’ला ‘या’ म्हणतात. शब्द एका अक्षराचा, आणि ते अक्षरही वर्णमालेतलं तेहेतिसावं, म्हणजे अगदी शेवटचं. सारखं ‘मी, मी’ करणाऱ्या पोराला तिकडची मोठी माणसं हेच ऐकवतात : ‘या’ सगळ्यांच्या शेवटी येतो, लक्षात ठेव. इतक्या मागच्या बाकावरच्या अक्षराने दोनशे वर्षं पुढे येऊन वर्ग डोक्यावर घेतला, ही या विषयाची पहिली गंमत.

‘या’ला स्वतःचं लिंग नाही. पण भूतकाळातलं क्रियापद लागलं की पितळ उघडं पडतं. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, हे रशियनला सांगावंच लागतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला हे समजावायला अर्धा तास लागतो. मराठी वाचकाचा हा धडा घरीच झालेला असतो. म्हणून झिनाइदा गिप्पिउस (1869–1945) या कवयित्रीची मौज त्याला चटकन कळावी. त्या काळच्या पीटर्सबर्गमध्ये नवकवींना तिचा धाक होता, आणि कवितेत ती बऱ्याचदा ‘मी गेलो’, ‘मी म्हणालो’ असंच बोलायची. टीकालेखांखाली सही करायची तीही अंतोन क्राय्नी या पुरुषी नावाने. आपल्याला यात दचकण्यासारखं काही नाही. ज्ञानदेवांच्या विराण्यांत विरहिणी बोलते, तेव्हा ‘महाराज, हे आपल्या चरित्रात कुठे बसतं?’ असं आपण विचारत नाही. रशियन कवीला मात्र हा प्रश्न फार विचारला गेला. काहींना तो रात्री दोन वाजता, दार ठोठावून विचारला गेला. त्याकडे येऊच.

सराव : कालची एखादी साधी घटना, समजा दूध उतू जाणं, विरुद्ध लिंगाच्या ‘मी’त लिहून काढा. घरात कुणाला दाखवू नका.

नाव

अन्ना गोरेन्को (जन्म 1889) कविता लिहू लागली तेव्हा वडील म्हणाले, माझ्या नावाला यात ओढू नकोस. मुलीने आईच्या बाजूच्या एका तातार पणजीचं म्हणून सांगितलं जाणारं आडनाव उचललं आणि ती अन्ना आख्मातोवा झाली. आपल्याकडे कृष्णाजी केशव दामल्यांनी उलटं केलं होतं : कवितेसाठी घेतलेल्या नावात वडिलांनाच आणून बसवलं, आणि ते केशवसुत झाले. वडिलांना विचारलं होतं का, ही वेगळी गोष्ट.

इन्नोकेन्ती आनेन्स्की हा त्सार्स्कोये सेलोच्या शाळेचा हेडमास्तर, ग्रीक नाटकांचा अनुवादक. 1904 मध्ये त्याने पहिला कवितासंग्रह काढला आणि कवीचं नाव दिलं ‘निक. त-ओ’. आद्याक्षरं असावीत तसं दिसणारं हे नाव सलग वाचलं की होतं ‘निक्तो’, म्हणजे ‘कुणीच नाही’. ओडिसियसने एकाक्ष राक्षसाच्या गुहेत सांगितलं होतं तेच नाव. वर्षानुवर्षं मुलांची हजेरी घेतलेल्या माणसानेच आपली गैरहजेरी अशी नीटनेटकी लावावी! नवशिक्याला आम्ही हा नमुना सुचवत नाही. त्याला हेडमास्तरचं पेन्शन लागतं.

आपण जरा जास्त वेळ थांबू ते चेरुबिनापाशी. 1909 च्या शरदात पीटर्सबर्गच्या ‘अपोलोन’ या नव्या मासिकाच्या संपादकाकडे, सेर्गेई माकोव्हस्कीकडे, एक पत्र आलं. काळ्या कडेचा कागद, मोहोर, घड्यांमध्ये सुकलेली पानं, आणि कविता. सही, चेरुबिना दे गाब्रियाक. हळूहळू कळत गेलं की ती कॅथलिक आहे, खानदानी आहे, स्पॅनिश रक्ताची आहे, अतिशय सुंदर आहे आणि कुणालाही भेटू शकत नाही. मधूनच तिचा फोनही यायचा. माकोव्हस्की त्या आवाजाच्या प्रेमात पडला. अख्खं संपादकीय खातं पडलं म्हटलं तरी चालेल.

चेरुबिना म्हणजे एलिझावेता दिमित्रियेवा, मुलींच्या शाळेतली तुटपुंज्या पगाराची बाई. लहानपणच्या आजाराने पाय अधू झालेला. त्या उन्हाळ्यात ती क्रिमियात कोक्तेबेलला कवी माक्सिमिलियान वोलोशिनच्या घरी राहायला होती, आणि हा सगळा बेत तिथे शिजला. ‘गाब्रियाक’ हे नावसुद्धा समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या, छोट्या सैतानासारख्या दिसणाऱ्या एका लाकडाच्या तुकड्याचं. कविता मात्र तिच्याच होत्या. साध्या कपड्यातली, लंगडत येणारी बाई त्याच ओळी घेऊन मासिकाच्या जिन्यावरून चढली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज मराठी संपादकांच्या जिन्यांवरून उतरलेल्या कुणालाही बांधता येईल.

नोव्हेंबरात बिंग फुटलं. कवी निकोलाय गुमिल्योव्हने तिला कधीकाळी मागणी घातली होती आणि तिने नाही म्हटलं होतं. तो तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलला. वोलोशिनने एका चित्रकाराच्या स्टुडिओत सगळ्यांदेखत त्याच्या मुस्कटात ठेवून दिली. आणि दोघं पिस्तुलं घेऊन चोर्नाया रेच्कापाशी गेले. पुश्किनला गोळी लागली तोच हा परिसर. इतकी परंपरा पाळली जात असताना वाटेत बर्फात एक गलोश, म्हणजे बुटावर चढवायचं रबरी पायताण, रुतून हरवलं. गुमिल्योव्हचा नेम चुकला, वोलोशिनचं पिस्तूल उडालंच नाही. वर्तमानपत्रांना मरणापेक्षा गलोश आवडला, आणि विनोदी कवी साशा चोर्नीने वोलोशिनचं नाव ‘वाक्स कलोशिन’ करून टाकलं.

चेरुबिना मेली. दिमित्रियेवा बरीच वर्षं जवळजवळ गप्प झाली. पण गोष्ट इथे संपवणारी पुस्तकं अर्धीच सांगतात. सोव्हिएत काळात तिला ताश्कंदला हद्दपार केलं, आणि 1927 मध्ये तिथे तिने पुन्हा लिहिलं, ते ‘ली श्यांग त्झ’ नावाच्या हद्दपार चिनी कवीच्या तोंडून. पहिला मुखवटा प्रेम मिळावं म्हणून होता. दुसऱ्याच्या आड ती आपलं खरं दुःख सांगत होती. पुढच्याच वर्षी ती वारली. नवशिक्याला मुखवटा म्हणजे खोटेपणा वाटतो. त्याने या दोन नावांमधल्या अठरा वर्षांचा हिशेब करून बघावा.

हवापाणी आणि आत्म्यांची संख्या

कवीने आत्मशोधासाठी एकांतात जावं असं म्हणतात. 1830 च्या शरदात पुश्किन बोल्दिनोला गेला. कॉलऱ्यामुळे रस्ते बंद झाले, तो तीन महिने अडकला, आणि ‘ओनेगिन’चा शेवट, छोट्या शोकांतिका, बेल्किनच्या कथा, शिवाय तीसेक कविता घेऊन परतला. पण तो तिथे गेला होता लग्नाआधी मालमत्ता नावावर करून घ्यायला. वडिलांनी त्याला शेजारच्या किस्तेन्योवोतले 200 आत्मे दिले होते. तिकडे भूदास ‘आत्म्या’च्या हिशेबाने मोजत. पुढे ते आत्मे गहाण टाकून त्याने 38000 रूबल उचलले. रशियन माणूस बोलता बोलता ‘दुशा’ म्हणजे आत्मा हा शब्द काढतो तेव्हा आपण गहिवरतो. 1861 पर्यंत ते सरकारी वहीतलं एककही होतं, एवढं ध्यानात असू द्या.

कप्प्यांविषयी महत्त्वाची सूचना

पत्रं आणि कविता एका खणात ठेवू नयेत. 1825 मध्ये पुश्किनने अन्ना केर्नला एक कविता दिली. एका अलौकिक क्षणाच्या आठवणीची ही कविता पुढे रशियन प्रेमकवितेचं मापच होऊन बसली. 1840 मध्ये ग्लिंकाने तिला चाल लावली, तीही या अन्नाच्या मुलीच्या प्रेमात असताना. त्याच अन्नाविषयी पुश्किनने मित्रांना जी पत्रं लिहिली, त्यातली भाषा या पुस्तिकेत छापता येणार नाही. दोन्हींतला ‘मी’ पुश्किनच. खरा कुठला, असं विचारलंत तर तुम्ही अजून पहिल्या पानावर आहात.

मौन

फ्योदोर त्युत्चेवने 1830 च्या सुमारास मौनावर अठरा ओळींची कविता लिहिली. गप्प राहा, आतलं आत ठेव, असा तिचा एकूण रोख. आणि ती चक्क आज्ञार्थात आहे. म्हणजे रशियन अंतरंगाची पहिली वापरपुस्तिका तीच, आम्ही फक्त सुधारित आवृत्ती काढतो आहोत. हा मौनाचा आचार्य मैफलीतल्या हजरजबाबी बोलण्यासाठी पीटर्सबर्गभर प्रसिद्ध होता, आणि 1858 पासून मरेपर्यंत परदेशी छापील मजकुराच्या सेन्सॉर समितीचा अध्यक्ष होता. गप्प राहा हे त्याने कवितेत सांगितलं. नोकरीत तेच, पण पगार घेऊन.

हातमोजे

आता खोक्यातला जोड बाहेर काढा. 1911 मधल्या आख्मातोवाच्या एका कवितेत एक स्त्री प्रियकराकडून शेवटचं निघते. छातीत काय झालं, डोळ्यांत काय आलं याची लांबड नाही. डाव्या हाताचा मोजा तिने उजव्या हातात चढवला, एवढंच. अख्ख्या पीटर्सबर्गला कळलं. हा तिचा मोठा शोध आहे, माझ्या मते त्या पिढीतला सगळ्यात मोठा : अंतरंग आत नसतंच, ते चुकलेल्या हातमोज्यात असतं, आणि कवीचं काम फक्त तो हात दाखवणं. मग मुलींनी तशा कविता शेकड्यांनी लिहिल्या. हातमोजा चुकीच्या हातात घालता येतो, पण दुसऱ्याचा घालून चालत नाही, हे त्यांना उशिरा कळलं.

या तंत्राचे दुष्परिणाम शेजाऱ्यांना होतात. त्याच वर्षीच्या एका कवितेत तिची ‘मी’ सांगते की नवऱ्याने पट्ट्याने मारलं. प्रत्यक्षातला नवरा होता आपला पिस्तूलवाला गुमिल्योव्ह. इरीना ओदोयेव्त्सेवाच्या आठवणींप्रमाणे, हिच्या कवितेपायी लोक मला छळवादी समजतात, ही त्याची तक्रार होती. साहेब, तुम्ही स्वतः कवी. तुम्हाला तरी ‘मी’ म्हणजे काय ते ठाऊक हवं होतं.

अशीच तक्रार दुसऱ्या टोकाने ल्युबोव्ह मेंदेलेयेवाने केली. कवी अलेक्सान्द्र ब्लोकने तिला ‘सुंदर स्त्री’ करून देव्हाऱ्यात बसवलं आणि 1903 मध्ये तिच्याशी लग्नही केलं. लग्नाआधीच तिने एका पत्रात लिहून ठेवलं होतं की जिवंत माणूस म्हणून तुम्ही मला पाहिलंच नाही, कल्पना म्हणून पाहिलंत. पत्र तिने पाठवलं नाही. तिच्या रसायनशास्त्रज्ञ वडिलांनी जगातल्या प्रत्येक मूलद्रव्याला त्याची त्याची चौकट नेमून दिली. मुलीला मिळाली ती चौकट कुठल्याच तक्त्यात नव्हती.

जम्बो आकार

व्लादिमीर मायाकोव्हस्कीच्या पहिल्या पुस्तिकेचं नाव ‘मी’. आत्मचरित्राचं नाव ‘मी स्वतः’. मधल्या नाटकाचं नाव ‘व्लादिमीर मायाकोव्हस्की’. सेन्सॉरने म्हणे हस्तलिखितावरचं कवीचं नावच शीर्षक समजून मंजूर केलं, आणि कवीला ते बदलावंसं वाटलं नाही. डिसेंबर 1913 मध्ये पीटर्सबर्गच्या लुना पार्क थिएटरात ते रंगलं. मुख्य पात्र, कवी मायाकोव्हस्की, भूमिकेत, मायाकोव्हस्की. 1920 च्या एका कवितेत तो सूर्याला चहाला बोलावतो आणि सूर्य येतोही, तेव्हा हा गृहस्थ आधी दाचाचा, म्हणजे गावाबाहेरच्या उन्हाळी घराचा, पूर्ण पत्ता देतो : कुठलं स्टेशन, कुठली टेकडी, यारोस्लाव्ल रेल्वेने किती वर्स्ट अंतर. माझ्याकडच्या सोव्हिएत पुस्तकात या पानावर कुणीतरी आधीच्या वाचकाने पेन्सिलीने ‘खरंच?’ असं लिहिलेलं आहे. एवढा मोठा ‘मी’ घरात ठेवायचा असेल तर छत उंच लागतं. 1930 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःवर गोळी झाडली. त्याआधी कितीतरी वेळा त्याच्या कवितेतल्या ‘मी’ने ती झाडून पाहिली होती, आणि ती रूपकं आहेत असं सगळे समजत होते.

परीक्षेपुरतं

1921 च्या ऑगस्टमध्ये ब्लोक वारला. त्या वर्षी समीक्षक युरी तिन्यानोव्हने एक छोटा लेख लिहिला. लोक ब्लोकच्या कवितेबद्दल बोलतात तेव्हा खरं तर एका चेहऱ्याबद्दल बोलतात, आणि तो चेहरा कवितांनीच घडवलेला आहे, असं त्याचं म्हणणं. त्या चेहऱ्याला त्याने शब्द दिला, ‘लिरिचेस्की गेरॉय’, आपण त्याला भावकवितेचा नायक म्हणू. पुढे लिदिया गिन्झबुर्गने त्यावर बारीक काम केलं. कवी वेगळा, नायक वेगळा; पाच गुणांसाठी एवढं पुरे.

धोक्याच्या सूचना

हा फरक प्राध्यापकांना कळला, काही वाचकांनाही कळला. एका वाचकाला मात्र तो कधीच मान्य झाला नाही. हा वाचक अत्यंत काळजीपूर्वक वाचायचा, ओळीखाली रेघा मारायचा, पाठभेद जपायचा. तो नोकरीला गुप्त पोलिसांत होता.

ओसिप मान्देलश्तामने नोव्हेंबर 1933 मध्ये स्टालिनवर सोळा ओळी रचल्या. गंमत अशी की त्यात बोलतो तो ‘मी’ नाहीच, ‘आम्ही’ आहे. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे तपास अधिकाऱ्याला हवं होतं. मे 1934 मध्ये अटक झाल्यावर कवीने ती कविता लुब्यान्का तुरुंगात स्वतःच्या हाताने लिहून दिली, आणि ती प्रत फाइलीत राहिली. तो काळ असा की मित्र असल्या कविता ऐकल्या न ऐकल्यासारख्या करायचे. कविता जपून ठेवणारा तेवढा तो अधिकारी. मान्देलश्ताम डिसेंबर 1938 मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मरण पावला.

1964 मध्ये लेनिनग्राडच्या कोर्टात तेवीस वर्षांचा इयोसिफ ब्रॉडस्की ‘आयतोबा’ म्हणून उभा होता. तुम्हाला कवी म्हणून कुणी नेमलं, कुठे शिकलात, असं न्यायाधीश बाईंनी विचारलं. मला वाटतं हे देवाकडून येतं, असं तो गोंधळून म्हणाला. फ्रीदा विग्दोरोवा नावाच्या पत्रकार बाईंनी हे सगळं टिपून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. शिक्षा, पाच वर्षं सक्तमजुरीसह उत्तरेला हद्दपारी. सुटका दीड वर्षाने झाली. ‘मी कवी आहे’ या वाक्यातल्या ‘मी’ला तिकडे कागदपत्रं जोडावी लागत.

बोरिस पास्तरनाकने यावर जो तोडगा काढला तो उस्तादाचा. आपल्या उत्तम कवितांपैकी पंचवीस त्याने झिवागो या आपल्याच कादंबरीतल्या डॉक्टरच्या नावे केल्या. त्यातली पहिली हॅम्लेटची. तिच्यात बोलतो तो रंगमंचावर पाऊल टाकणारा नट. म्हणजे पास्तरनाकने झिवागो लिहिला, झिवागोने नट लिहिला, नट हॅम्लेट करतोय. इतक्या पडद्यांआड कोण सापडणार? 2 जून 1960 ला पेरेदेल्किनोत त्याच्या कबरीपाशी कुणीतरी ही देशात न छापलेली कविता म्हणू लागलं, आणि गर्दीतल्या अनेकांचे ओठ बरोबरीने हलत होते. तेव्हा सगळे पडदे एकदम खाली आले, आणि उघड्या पेटीत एक म्हातारा होता.

साठवण

‘मी’ कोरड्या जागी ठेवावा, कागदावर मात्र ठेवू नये.

आख्मातोवाचा मुलगा लेव्ह 1938 मध्ये पुन्हा धरला गेला, आणि ती लेनिनग्राडच्या तुरुंगापुढच्या बायकांच्या रांगेत उभी राहू लागली, सतरा महिने. हातमोजावाली नाजूक ‘मी’ आता इथे होती, निळ्या पडलेल्या ओठांच्या बायांत, पुडकं खिडकीतून आत घेतलं तर माणूस जिवंत आहे असं समजायचं. त्यातून ‘रेक्विएम’ ही कविता झाली. ती म्युनिकला 1963 मध्ये छापली गेली, मायदेशात 1987 मध्ये. छापण्याआधीची बरीच वर्षं ती मोजक्या मैत्रिणींच्या डोक्यात राहिली. दुसऱ्याच्या तोंडपाठ असणं, हा ‘मी’ टिकवायचा आम्हाला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा मार्ग.

कृती त्या मैत्रिणींतल्याच लिदिया चुकोव्हस्कायाने लिहून ठेवली आहे. पाहुणीला बसवा. बोलता बोलता थांबा. छताकडे आणि भिंतींकडे एकदा बघा. कागदाचा चिटोरा घ्या आणि पेन्सिलीने भराभर लिहा, पण त्याआधी मोठ्याने काहीतरी घरगुती विचारा. भिंतींना ऐकू गेलं पाहिजे. चिटोरा पुढे करा. पाहुणीने तो वाचावा, पाठ करावा, मुकाट्याने परत द्यावा.

मग काड्यापेटी उघडा, ॲशट्रे जवळ ओढा, आणि नेहमीच्या आवाजात म्हणा, ‘यंदा थंडी लवकरच पडली, नाही? चहा टाकू का?’